प्रशिक्षक केवळ वेळापत्रकापुरता नसतो

पहिल्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी सरावाचे तयार वेळापत्रक पुरते, प्रशिक्षक लागत नाही, हे एका लेखात वाचलेले मत मला पटले नाही. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, अशा स्पर्धेची तयारी मी नाशिकमध्येच केली. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर मी दर वेळी जीव तोडून सायकल हाणत असे; माझ्या प्रशिक्षक सरांनी मात्र सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने तीन तास चालवायला लावली, तेव्हा कुठे उतरल्यावर धावण्यासाठी पायांत त्राण उरू लागले. सायकलवरून उतरताच धावण्याच्या त्या सरावात सुरुवातीला पाय अक्षरशः लाकडाचे वाटतात, आणि हे स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

पोहण्याच्या बाबतीत तर प्रशिक्षकाला पर्यायच नाही, असे मी म्हणेन. जलतरण तलावात तळाची रेघ पाहून सरळ जाण्याची सवय झालेली असते. खुल्या पाण्यात ती रेघ नसते, त्यामुळे काही हात मारले की डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहावी लागते. श्वास घेताना माझा उजवा हात शरीराची मधली रेषा ओलांडत होता आणि त्यामुळे मी डावीकडे भरकटत होतो, हे काठावर उभ्या असलेल्या सरांनाच दिसले.