आईने समुद्र टीव्हीवर बघितला

आज सकाळी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर माझ्या मामेभावाने एक तक्ता टाकला. क्रूझवर जायचं ठरवतोय. तो, त्याची बायको, दोन मुली आणि मामा-मामी. कोणत्या कंपनीची बोट घ्यावी म्हणून त्याने पाच कंपन्या शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. पूल किती, घसरगुंड्या किती, रेस्टॉरंट किती, डेक किती, माणशी भाडं किती. मेहनत भरपूर केली होती, खोटं कशाला बोलू. आणि सगळ्यात खाली एक ओळ : "आई-बाबांना इनसाइड केबिन घेतोय. ते काय, झोपायलाच तर जाणार खोलीत."

इनसाइड केबिन म्हणजे बोटीच्या आतली, खिडकी नसलेली खोली. ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. ग्रुपवर काही लिहिलं नाही, तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून इथे लिहितेय. त्याचं नाव घेत नाही. वाचेल तेव्हा त्याला कळेलच.

एवढा राग यायचं कारण म्हणजे हेच वाक्य मीही बोलले होते. शब्दन् शब्द. माझ्या आईबद्दल.

आम्ही पाच जण होतो. नवरा, मी, तीन वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. दोन केबिन घेतल्या. बाल्कनीची आम्हाला, धाकटा आमच्याजवळ. आणि बोळाच्या पलीकडे, बरोबर समोर, बिनखिडकीची इनसाइड केबिन आई आणि मुलीला. जो तो हाच सल्ला देतो ना, समोरासमोर घ्या, पैसे वाचतात. शिवाय बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की बुकिंग करताना प्रत्येक केबिनमध्ये निदान एक मोठं माणूस दाखवावं लागतं. आज लिहिताना लाज वाटते, पण आम्ही आईला त्या नियमात बसवलं. तिला विचारलं नाही. सांगितलं. ती "चालेल की" म्हणाली. ती नेहमीच म्हणते.

ज्यांनी इनसाइड केबिन पाहिली नाही त्यांना सांगते. दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही. तरुण माणसाला त्यात छान झोप लागते. पण ज्याला रात्रीतून तीनदा उठावं लागतं, त्याने काय करायचं? त्यात बोटीवरच्या बाथरूमच्या दाराला चांगला उंच उंबरा असतो. अंधारात, हलत्या बोटीत, गुडघे दुखत असताना तो ओलांडून बघा एकदा.

चौथ्या दिवशी सकाळी मुलीला उठवायला गेले तर आई पलंगावर बसून टीव्ही बघत होती. आवाज बंद. पडद्यावर नुसता समुद्र. बोटीच्या पुढच्या टोकाला कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र एका चॅनलवर चोवीस तास चालू असतं. ते चॅनल नातीने आजीला शोधून दिलं होतं. आई रात्रभर ते चालू ठेवायची. म्हणाली, "काळं असलं की रात्र. राखाडी झालं की उठायचं."

चार दिवस ती समुद्राच्या मधोमध होती आणि समुद्र टीव्हीवर बघत होती.

आता सांगा, त्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात हे बसतं?

घसरगुंड्या मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच मोजतात. रॉयल कॅरिबियन कंपनीची आयकॉन ऑफ द सीज ही बोट २०२४ च्या जानेवारीत आली तेव्हा जो तो तेच आकडे सांगत होता. वीस डेक, सात पूल, सहा घसरगुंड्या, लांबी ३६५ मीटर. त्या बोटीवर लहान मुलांच्या घरांसाठी सर्फसाइड नावाचा वेगळा भागच केलाय. मुलांचं खेळणं आणि आईबापांचं बसणं-खाणं एकाच ठिकाणी. ही कल्पना मला मनापासून आवडते, ज्याने कोणी आखली त्याला मुलं सांभाळायचं ठाऊक असणार. पण ३६५ मीटर लांबीचा अर्थ काय, तर केबिन एका टोकाला असली आणि जेवण दुसऱ्या टोकाला, की म्हातारं माणूस एका दिवसात किती चालणार याचा हिशोब करा. आमची बोट तेवढी मोठी नव्हती, तरी तिसऱ्या दिवसापासून आई दुपारी जेवायला यायची नाही. "भूक नाही" म्हणायची. भूक होती. पाय नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे. कंपनीपासून सुरुवात करू नका. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान मूल, या दोघांपासून करा. मधल्यांचं कुठेही भागतं. मी आणि नवरा एखाद्या मालवाहू बोटीवरही खूश राहिलो असतो.

लहान मुलांचंच घ्या. सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, आणि सलग बरेच दिवस किनारा न दिसणारा लांबचा प्रवास असेल तर वर्षाचं लागतं. किड्स क्लब, म्हणजे मुलांना खेळायला सोडायची जागा, साधारण तिसऱ्या वर्षापासून, आणि तोही डायपर सुटलेला असेल तर. कार्निव्हल कंपनी दोन वर्षांपासून घेते आणि त्यांची माणसं डायपरही बदलतात, हे मला मोठं वाटतं. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियनकडे त्याहून लहानांसाठी पाळणाघर असतं, तासाचे पैसे वेगळे. आणि डायपरमधल्या मुलाला बहुतेक बोटींवर मुख्य पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी. त्यांच्यासाठी कारंजी असलेली वेगळी जागा असते. ती आहे का, केवढी आहे, हे बुकिंगच्या आधी विचारायचं. आम्ही विचारलं नव्हतं. ताई पाण्यात आणि धाकटा काठावर रडतोय, असा पूर्ण आठवडा गेला.

आणि भाऊराया, तुझी एक पाच वर्षांची, एक सात. धाकटी ताईला सोडून राहते का? कार्निव्हलच्या क्लबमध्ये दोन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा असे गट आहेत, म्हणजे तुझ्या दोघी वेगवेगळ्या खोल्यांत. डिस्नेच्या ओशनियर क्लबमध्ये तीन ते दहा वर्षांची सगळी एकत्र. तुझ्या तक्त्यात "किड्स क्लब : आहे" एवढंच लिहिलंय पाचही कंपन्यांपुढे. असणारच की! बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे आहे. वायकिंग आणि व्हर्जिनसारख्या काही कंपन्या सोडून, आणि या दोघींच्या बोटींवर अठरा वर्षांखालच्या कुणाला प्रवेशच नाही.

डिस्ने महाग आहे. हो, आहे, फार महाग आहे. पण त्यांच्या बऱ्याचशा केबिनमध्ये शौचालय एकीकडे आणि आंघोळ दुसरीकडे, दोन दारं. चार माणसं एका खोलीत राहणार असतील तर सकाळी सात वाजता या दोन दारांची किंमत कळते. संध्याकाळचं जेवण रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये, पण वाढणारी माणसं तुमच्याबरोबर फिरतात, तीच. नॉर्वेजियन कंपनीचं याच्या उलट. त्यांनी २००० साली फ्रीस्टाइल नावाने ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढूनच टाकलं, हवं तेव्हा या, हवं तिथे बसा. तरुण जोडप्याला हे स्वर्गासारखं वाटेल. माझ्या आईला नाही. तिला रोज तीच खुर्ची आणि तोच ओळखीचा चेहरा पाहिजे. आमच्या बोटीवर तसं होतं, पण आम्ही घेतली उशिराची पंगत, कारण मुलांचे खेळ संपायला हवे होते. आठ-साडेआठला बसायचो. तिची गोळी जेवणानंतरची. ती चार दिवस बिस्किटावर गोळी घेत होती आणि मग आमच्याबरोबर बसून पुन्हा थोडंसं खात होती. हे मला मुलीकडून कळलं. आईकडून नाही.

मधे उठून गेले होते. आता जरा शांत आहे.

इनसाइड केबिन वाईटच असते असं मी म्हणत नाही. बाल्कनीला पैसे जास्त पडतात आणि प्रत्येकाच्या खिशात ते नसतात, मान्य. काही कंपन्यांनी यावर डोकंही चालवलंय. डिस्नेने २०११ च्या डिस्ने ड्रीमवर इनसाइड केबिनच्या भिंतीत गोल खिडकीसारखा पडदा बसवला, त्यात बाहेरच्या कॅमेऱ्याचा समुद्र जिवंत दिसतो. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये जमिनीपासून छतापर्यंतचा असाच पडदा आणला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आईचा टीव्ही आठवला. म्हणजे अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला बाहेर काय चाललंय ते दिसावं लागतं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आईची ती गरज आठ वर्षांच्या मुलीच्या लक्षात आली. माझ्या नाही आली.

आणि बाल्कनी परवडत नसेल तर मधली खिडकीची केबिन असते. उघडत नाही, पण उजेड येतो. फरक पुष्कळदा तेवढा मोठा नसतो. आमच्या वेळी किती होता ते मला आठवतंय, आणि तेवढ्याच पैशांत आम्ही मुलांचे फोटो विकत घेतले.

पैशांवरून आठवलं. तक्त्यातलं भाडं हे भाडं नसतं रे बाबा! त्यावर माणशी, रोजची टिप लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती मुलांनाही. वायफाय वेगळं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. एमएससी कंपनी बऱ्याचदा केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या जागेवरची मुलं मोफत नेते, चांगली गोष्ट आहे, पण बंदराचे कर त्यांचेही भरावेच लागतात. हे सगळं धरून पुन्हा बेरीज कर आणि मग बघ तुझा पहिला नंबर पहिला राहतो का.

मार्ग तर तू तक्त्यात घेतलाच नाहीस. मामींचा गुडघा तुला माहीत आहे. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, दूर उभी राहते आणि छोट्या होडीत उतरून जावं लागतं. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाला तसंच आहे, आणि खाली उतरल्यावर वर गावात जायला केबल कार नाहीतर शेकडो पायऱ्या. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटालाही होडीच. लाटा असतील तर हलत्या बोटीतून हलत्या होडीत पाय टाकायचा. आई दोन बंदरांना उतरलीच नाही. "तुम्ही जाऊन या, मी बसते टीव्ही बघत." तेव्हा मला वाटलं, सिनेमा बघत असेल.

त्यापेक्षा असा मार्ग घ्या जिथे बघायचं ते बोटीवरूनच दिसतं. अलास्कात ग्लेशियर बे नावाची खाडी आहे. मोठ्या क्रूझ बोटी तिथे दिवसाला दोनच सोडतात, आणि त्या दिवशी कुणी उतरतच नाही. हिमनदीसमोर बोट हळूहळू फिरते, आणि सगळे जागच्या जागी बसून बघतात. म्हातारं माणूस आणि धडधाकट माणूस त्या दिवशी सारखेच. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्या तिथे वर्षानुवर्षं जातात. त्यांच्या बोटींवर घसरगुंड्यांचा गोंगाट नसतो, तुझ्या मुली कदाचित थोड्या कंटाळतील. कंटाळू देत की एक दिवस!

मी तुला रागावून लिहायला बसले होते. पण तू वाईट नाहीस रे, तू मामा-मामींना बरोबर नेतोयस. कितीतरी लोक तेवढंही करत नाहीत. तक्ता करायला रात्रभर बसलास तो प्रेमापोटीच. फक्त आजच मामींच्या शेजारी जाऊन बस आणि विचार, रात्री किती वेळा उठतेस, गोळी किती वाजता असते, तुला तिथे नक्की काय बघायचंय. "काहीही चालेल" म्हणाल्या तर पुन्हा विचार. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय आपल्या आया खरं बोलत नाहीत.

मी त्या सहलीत फक्त एकदा आईला आमच्या बाल्कनीत बोलावलं होतं. ती आली, पण धाकटा नुकताच झोपला होता. काचेचं दार सरकवलं तर तो उठेल म्हणून ती काचेतूनच उभ्याने पाच मिनिटं बघत राहिली आणि "झोपू दे त्याला" म्हणून निघून गेली. बाकी दिवस दार एसीसाठी बंद.

हे सगळं लिहून झाल्यावर आत्ता तिला फोन केला. म्हटलं, पुन्हा कधी गेलो तर बाल्कनी तुला. ती आधी "कशाला उगाच" म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग विचारलं, "दार उघडलं की समुद्राचा आवाज येतो का गं तिथे?"