टक्क्यांवरचं भांडण आणि रिकामा रकाना

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या औषध कंपनीने शेजारच्या राज्यात मुलाखती ठेवल्याची जाहिरात फिरली, की गोव्यात आठवडाभर तेच पुराण. ऐंशी टक्के नोकऱ्या गोंयकारांना द्या, ही मागणी. स्थानिक मुलं मिळतच नाहीत, हे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. आणि वर 'गोंयकाराला सरकारी नोकरीच हवी' हा टोमणा, तोही बहुतेक वेळा सरकारी नोकरीतल्या माणसाचा. इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये हे वाचताना चीड येते ती एवढ्याचसाठी, की दोन्हीकडे एक साधा तक्ता नसतो. कोणतं काम करणारी किती माणसं आज आहेत आणि तीन वर्षांनी किती लागतील, हे मांडल्याशिवाय 'मिळत नाहीत' हेही तपासता येत नाही आणि 'डावलतात' हेही.

इथल्या कारखान्यात असा तक्ता शिफ्टलाइटरच्या, म्हणजे पाळीप्रमुखाच्या, खुर्चीमागे लावलेला असतो. उभ्या रकान्यांत कौशल्यं, आडव्या ओळींत माणसं, चौकटीत शून्य ते चार. शून्य म्हणजे येत नाही, एक म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कोणीतरी शेजारी उभं असेल तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. यात कसलंही रॉकेट विज्ञान नाही. एक्सेलवर एका दुपारी होतं. बिघडतं ते भरताना.

पहिली चूक रकाने ठरवताना होते. एचआरवाले हुद्दे लिहितात: ऑपरेटर, सीनियर ऑपरेटर, केमिस्ट. त्यातून काहीच दिसत नाही. औषधी गोळ्यांच्या विभागात 'कॉम्प्रेशन' (भुकटी दाबून गोळी करणं) एवढंच लिहिलं तर सगळेच तीन. तेच फोडून लिहा: पंच आणि डाय (गोळी दाबायचे ठोकळे आणि साचे) बदलणं, वजन व जाडी जुळवणं, गोळीचा वरचा थर सुटू लागला तर वेग उतरवून प्री-कॉम्प्रेशन, म्हणजे मुख्य दाबाआधीचा दाब, वाढवणं, बॅच रेकॉर्ड भरणं, लाइन क्लिअरन्स (आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना, ही तपासणी). आता कळतं की रेकॉर्ड बाराजण भरू शकतात आणि सुटणारा थर दोघांनाच आवरता येतो. एका विभागाला असे वीस-पंचवीस रकाने पुरेत. साठ केलेत तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी भरणार नाही.

दुसरी चूक, माणसाला स्वतःचे गुण स्वतः द्यायला लावणं. नवखा स्वतःला तीन देतो, जुना जाणता संकोचाने दोन. सुपरवायझरने काम करताना पाहून आकडा घालावा आणि सोबत ते काम शेवटचं कधी केलं ती तारीख. वर्षभर हात न लागलेलं तीन हे दोनच समजायचं. आणि हा आकडा पगारवाढीला जोडायचा नाही. जोडला की सहा महिन्यांत अख्खा विभाग चारवर जातो. इथे बेट्रिब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेली कारखान्यातली परिषद, तशी जोडणी सहजी होऊ देत नाही, म्हणून आकडे जरा तरी खरे राहतात.

तिसरी चूक सरासरीची. 'आमची सरासरी अडीच' हे वाक्य ज्या अहवालात असेल तो बाजूला ठेवावा. दोन गुरू आणि दोन अगदी कच्चे, यांचीही सरासरी अडीच येते. बघायचं ते रकान्याच्या तळाशी: तीन किंवा वर किती जण, आणि हवेत किती. एक यंत्र, तीन शिफ्ट, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला एकवीस पाळ्या. एक माणूस सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचे पंधरा टक्के धरले की आकडा चारच्या थोडा वर जातो. म्हणजे पाच. तळाशी पाच लिहा आणि शेजारी आज असलेले तीन. रंग भरायचेच तर लाल-हिरव्यापेक्षा एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा बऱ्या, कारण काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही.

आता गोव्याचं भांडण या रकान्यात ठेवून पाहा. पाचाऐवजी तिघं, ओव्हरटाइमवर गाडी चाललेली. त्यातला एक सोडून जातो. लगेच रुजू होणारा अनुभवी माणूस हवा म्हणून घाईची जाहिरात निघते, आणि असा तयार माणूस जिथे औषध कारखान्यांचे जुने पट्टे आहेत तिथेच मिळतो. साखळीच्या किंवा पेडण्याच्या आयटीआयवाल्या मुलाला कोणी मुद्दाम डावललं असेलही, पण त्याची वेळ दीड वर्षापूर्वीच हुकलेली असते. म्हणून तक्त्यात आणखी दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक कौशल्याला तीनवर यायला लागणारे महिने, आणि प्रत्येक माणसाचं निवृत्तीचं वर्ष. नोटीस तीन महिन्यांची आणि शिकायला अठरा, तर त्या रकान्याची भरती आजच करायची. टक्क्यांचा कायदा हे काम करत नाही. हरियाणाने पंचाहत्तर टक्क्यांचा केला होता, तो 2023 मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये बंद पडल्या आणि 2018 मध्ये पुन्हा, तेव्हाही आपण डंपर आणि बार्जी (खनिज वाहणाऱ्या बोटी) मोजल्या. एक्स्कॅव्हेटरचं हायड्रॉलिक्स उघडून बसवणारे, बार्जीच्या इंजिनावर वर्षं काढलेले किती, आणि कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या कारखान्यांतल्या देखभाल विभागात त्यांना काय कमी पडेल, हा तक्ता त्या वेळी चर्चेत आलेला मला तरी आठवत नाही.

'परदेशात बसून शहाणपण शिकवतो' असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण एक सांगायलाच हवं. जर्मनीतही परक्याला घेण्याआधी स्थानिक उमेदवार आहे का हे तपासायचा नियम होता. मान्यताप्राप्त कुशल कामगारांसाठी तो मार्च 2020 पासून उठला, कारण रकाने रिकामे होते. माझ्यासारख्यांना त्याचाच फायदा झाला. त्यामुळे वेर्ण्याला बाहेरून आलेल्या ऑपरेटरला 'भायलो' म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि तरीही ती जागा डिचोलीच्या मुलाला मिळायला हवी होती असं आतून वाटतंच. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही.

मेळ नसला तरी काम सुरू होतं. औद्योगिक वसाहतींनी आपापले दहा सर्वांत रिकामे रकाने, माणसांची नावं न देता, शिकण्याच्या महिन्यांसकट दर सहा महिन्यांनी आयटीआय आणि रोजगार विनिमय केंद्राला द्यावेत. आमदारांनी टक्के विचारण्याऐवजी ती यादी मागावी. आणि जी कंपनी यादी द्यायला नकार देईल, तिने 'स्थानिक मिळत नाहीत' म्हणू नये.