पान 43

काल रात्री अडीचला एक क्राइम कादंबरी संपवली आणि सकाळपासून डोकं फिरलंय. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? वाचली असेल त्यांना बरोबर कळेल.

खरं तर पुस्तकापेक्षा जास्त डोकं फिरलं ते सकाळी एका ओळखीच्या माणसाने केलेलं कौतुक वाचून. 'काय मर्डर लिहिलाय यार, एकेक वार डोळ्यांपुढे उभा राहतो!' खाली टाळ्यांचे इमोजी. अरे बाबा, वार जिच्यावर झाले ती राहिली का उभी? तिचं नाव आठवतंय तरी? मी मुद्दाम पुन्हा पुस्तक उघडून शोधलं. एकदाच येतं. पान 43 वर, तेही पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर. तिथून पुढे ती नुसती 'बॉडी'. उरलेली साडेतीनशे पानं खुन्याची. त्याची आई त्याच्याशी कशी वागायची, त्याला कुठला वास सहन होत नाही, तो हात कसे धुतो. हात धुण्यावर दीड पान आहे, दीड!

मी चौदा वर्षांची असताना माझ्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचा खून झाला. कसा, कुठे, ते इथे लिहिणार नाही. आईबरोबर त्यांच्या घरी गेले होते. खुर्चीवर एक अर्धवट विणलेला राखाडी स्वेटर पडला होता. पाठ पूर्ण, पुढची बाजू निम्मी, सुया तशाच. जागा करायला म्हणून कुणीतरी बाई तो उचलायला गेल्या, तर इतका वेळ गप्प बसलेली मैत्रिणीची आई एकदम ओरडली, "सुया काढू नका, टाके सुटतील!" आम्ही होतो तोवर ती तेवढंच बोलली.

या चारशे पानी कादंबरीत असा एक स्वेटर नाही. तिच्या पर्समध्ये काय होतं, ती कुणावर चिडली होती, उद्या तिला कुठे जायचं होतं, काही नाही. बरगड्यांमधून सुरी कशी फिरते ते मात्र सगळं आहे.

आणि हे आजचं नाही. 1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे गळे चिरणाऱ्याचं टोपणनाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जॅक द रिपर. तो कोण होता हे आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी गाजला तोच. त्याचे बळी म्हणून धरल्या जातात त्या पाच जणी: मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. यातली दोन नावं तरी कुणाला येत होती? मीही शोधूनच लिहिलीयत.

हो, कळतं मला. क्राइम कादंबरीत खून होणारच. 2018 मध्ये 'स्टॉन्च' नावाचा एक पुरस्कार निघाला होता, ज्या थ्रिलरमध्ये एकाही बाईला मारहाण, पाठलाग, बलात्कार, खून असलं काही होत नाही त्यांच्यासाठी. इतकं सोवळं मलाही नको. जगात जे होतं ते लिहू नका असं कोण म्हणतंय?

दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (1866 चं पुस्तक!) रक्त काय कमी आहे? सावकारी करणारी म्हातारी कुऱ्हाडीने मरते आणि तिची सावत्र बहीण लिझावेता नको त्या क्षणी घरात येते. कुऱ्हाड डोक्यावर आलेली असताना तोंड झाकायला नीट हातसुद्धा वर नेत नाही बिचारी. पण मला ते पुस्तक मिटून ठेवावं लागलं ते त्यानंतर. खुनाच्या गप्पा चालू असतात आणि घरातली मोलकरीण नास्तास्या, खून ज्याने केलाय त्या रास्कोल्निकोव्हलाच सहज बोलून जाते की लिझावेताने तुझा सदराही शिवून दिला होता. तो भिंतीकडे तोंड फिरवतो आणि मळक्या पिवळ्या वॉलपेपरवरचं एक पांढरं फूल बघत पडून राहतो.

फाटका सदरा शिवणारी बाई. एका वाक्यात ती जिवंत होते हो. एवढंच मागतेय मी, एक वाक्य.

एवढं टाइप करून मध्येच उठले होते. परत बसले तेव्हा राग बराच उतरला होता, कारण एक गोष्ट वर लिहायची टाळली होती. त्या दिवशी घरी परतताना मी आईला विचारलं होतं, "किती वार केले गं?" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तो आकडा मिळवलाच. अजून पाठ आहे. आणि काल अडीचपर्यंत मला कुणी बांधून थोडंच बसवलं होतं? पान उलटताना मलाही पुढचा वारच हवा होता.

सकाळी त्या माणसाच्या पोस्टखाली झणझणीत कमेंट टाकली होती, ती आत्ता काढून टाकली.

तो स्वेटर कुणासाठी होता, हे मैत्रिणीला मी आजवर विचारलेलं नाही. माप मोठं होतं, एवढं आठवतं.