मानेतले स्क्रू आणि ‘शंभरातले सात’

गोव्यातल्या साखळी गावच्या मावशीच्या मानेचं ऑपरेशन ठरलंय, आणि नेमका आत्ताच तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: मानेत स्क्रू अंदाजाने घालतात, शंभरातले सात हाडाबाहेर जातात, म्हणजे शंभरातली सात माणसं अंथरुणाला खिळतात, सीटी स्कॅन निव्वळ पैसे काढायला, मान लाकडासारखी होते, पुढे जन्मात एमआरआय करता येत नाही, त्यापेक्षा मान झटकून घ्या, शीर मोकळी होते. मावशीचा फोन आला, “रद्द करूया काय रे?” मी सीटीच्या मशीनवर काम करतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

‘सात’ हवेतून आलेले नाहीत, एवढं कबूल. जपानचे सर्जन कुनियोशी आबूमी यांनी २००० साली १८० रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांचे स्क्रू मानेच्या पेडिकलमध्ये, म्हणजे मणक्याचा पुढचा-मागचा भाग जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद दांड्यात होते. सीटीवर तपासलेल्या ६६९ स्क्रूंपैकी ४५, म्हणजे ६.७ टक्के, दांड्याची भिंत ओलांडून गेलेले दिसले. मेसेज इथेच थांबतो. त्या ४५ पैकी फक्त दोन स्क्रूंनी नस दुखावली. एका रुग्णाची मणक्यातली धमनी दुखावली, रक्त थांबवलं, पुढे नसांचा त्रास झाला नाही. सात टक्के स्क्रू मोजलेत हो, माणसं नव्हेत! आबूमी या तंत्रात मुरलेले. नवख्या हाताचा आकडा वाईट येऊ शकतो, हेही खरं. पण मावशीचं ऑपरेशन पुढून आहे. पाचव्या-सहाव्या मणक्यातली चकती काढून प्लेट बसवायची, स्क्रू मणक्याच्या मुख्य भागात. त्यात पेडिकल येतच नाही.

सीटी पैशांसाठी? मेंदूकडे जाणारी ती धमनी बहुतेकांत सहाव्या मणक्यापासून वर हाडातल्या भोकांतून जाते. काहींच्या दुसऱ्या मणक्यात ती इतकी वर चढलेली असते की स्क्रूला हाडच उरत नाही. बारीक कापांच्या सीटीत हे आधी दिसतं, मग सर्जन स्क्रूची जागाच बदलतो. ऑपरेशन चालू असताना सी-आर्मवर, म्हणजे टेबलाजवळच्या फिरत्या एक्स-रे यंत्रावर बघतात, पण मानेच्या तळाशी खांदे आडवे येतात आणि बाजूच्या चित्रात काही धड दिसत नाही. अंदाजानेच घालायचे असते तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

आता त्या झटक्याबद्दल. मावशीला पोलक्याचे हुक लावता येत नाहीत, चालताना तोल जातो. ही ‘आखडलेली शीर’ नव्हे, मज्जारज्जू दाबला गेलाय. अशा मानेला सलूनवाल्यासारखा झटका दिला तर हातपायांतली उरलीसुरली ताकदही जाऊ शकते. धमनीचं आतलं अस्तर फाटून लकवाही होऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला स्क्रूची भीती वाटते, याची नाही! ज्याने हे पुढे ढकललं त्याने स्वतःच्या आईची मान दिली असती काय?

बाकीचं किरकोळ. पहिला-दुसरा मणका जोडला तर डोकं वळवणं साधारण निम्म्याने कमी होतं. मावशीचा सांधा तो नव्हे. प्लेट टायटॅनियमची असली की एमआरआय होतो, धातूजवळचं चित्र तेवढं बिघडतं. प्लेट आहे हे आधी सांगायचं, कागद दाखवायचे.

तारीख तीच आहे. मावशीला फोन करायचाच असेल तर त्या रात्री बांबोळीच्या हॉस्पिटलात कोण थांबणार, ते ठरवायला करा.