आधी तारीख दाखवा, मग बॅटरी द्या

परत तेच! स्कूटरची बॅटरी मागितली की काउंटरवरचा माणूस पहिलं काय विचारतो, तर "कुठल्या कंपनीची देऊ?" अहो, आधी विचारा ना किती अँपिअर-अवरची, म्हणजे किती क्षमतेची, प्लस टर्मिनल डावीकडे की उजवीकडे! १२ व्होल्टच्या तर बहुतेक सगळ्याच असतात, पण ४ अँपिअर-अवरच्या जागेत ५ ची बसेल का, वायर पोचेल का, हे कोण बघणार? घरी येऊन खोकं उघडायचं आणि मग परत चकरा मारायच्या?

आणि ती तारीख! कधी बनली विचारलं की "फ्रेश माल आहे" एवढंच उत्तर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती शेल्फवर पडून राहिली तरी हळूहळू उतरते, तशीच उतरलेली राहिली की आत प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं आणि मग कितीही चार्ज करा, पहिला दम येतच नाही. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावून दाखवायला किती वेळ लागतो, अर्धा मिनिट? पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या वर दिसायलाच पाहिजे. पण नाही, "बसवा हो, गाडी चालली की होईल चार्ज".

जुनी का मेली हे तर कुणी बघतच नाही. गाडीतला चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या वर मारत असेल तर नवीनही मरणारच ना! मग वॉरंटीला गेलं की म्हणणार, तुमच्या गाडीतच फॉल्ट आहे. हे आधी तपासायला काय झालं होतं?