साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांची खुर्ची जात नाही

2025 च्या जूनमध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हापासून माझ्या ओळखीच्या लोकांत दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते समोरचा अणुबॉम्ब बनवेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का, दुसरी म्हणते पहिला हात उचलला तो गुन्हेगार, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही.

वाट बघणं फुकट पडत नाही हे आधी मान्य करूया. 6 ऑक्टोबर 1973, योम किप्पुर, ज्यूंचा पवित्र सण. पहाटेच इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांना निरोप आला की इजिप्त आणि सीरिया आजच हल्ला करणार, आणि ही काही उडती बातमी नव्हती, मोसाद या इस्रायली गुप्तहेर संस्थेचा प्रमुख स्वतः लंडनला जाऊन सोर्सला भेटला होता. लष्करप्रमुख एलाझार म्हणत होता विमानं सोडू द्या, सीरियाला आधी ठोकतो, संरक्षणमंत्री दायान नको म्हणाला, आणि गोल्डाबाईंनी हिशोब केला की सुरुवात आपण केली तर अमेरिका नंतर मदत करणार नाही. थांबल्या. दुपारी दोनला हल्ला झाला. अमेरिकेची मदत आली हे खरंय, पण त्या युद्धात अडीच हजारांहून जास्त इस्रायली सैनिक गेले.

त्याआधी सहा वर्षं, 5 जून 1967 ला, याच देशाने उलटं केलं होतं, काही तासांत इजिप्तचं बहुतेक हवाई दल जमिनीवरच उडवलं. इजिप्तने तिरानची सामुद्रधुनी, म्हणजे इस्रायलच्या जहाजांची लाल समुद्रात जायची वाट, बंद केलेली, यूएनचे सैनिक घालवून दिलेले, सिनाईत फौज आणून ठेवलेली, म्हणजे धोका डोळ्यांना दिसत होता. आणि तरी 1982 मध्ये पंतप्रधान बेगिन जाहीर भाषणात म्हणाले की त्या जमवाजमवीवरून इजिप्तचा अध्यक्ष नासर खरंच हल्ला करणार होता असं सिद्ध होत नाही, हल्ला करायचं आपण ठरवलं. इतकं स्वच्छ बोलणारा नेता क्वचितच सापडतो, तोही पंधरा वर्षांनी.

आता इराक. 5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यूएनमध्ये छोटी बाटली हातात धरून इराककडच्या अँथ्रॅक्सबद्दल, म्हणजे जीवघेण्या जंतूंच्या शस्त्राबद्दल, सांगत होते. यूएनचे शस्त्र-तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स यांची माणसं इराकमध्ये प्रत्यक्ष तपासणी करत होती, त्यांनी अजून काही महिने मागितले, मिळाले नाहीत. मार्चमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने युद्ध सुरू केलं. शस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत, कारण नव्हतेच. हे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं, फक्त त्या भुईवर माणसं राहत होती.

मला खरी खटकणारी गोष्ट यानंतरची आहे. 1973 ला गाफील राहिल्याबद्दल इस्रायलमध्ये नोव्हेंबरमध्येच अॅग्रानात चौकशी कमिशन बसलं, पुढच्या वर्षी एलाझारने पद सोडलं, गोल्डाबाईंनीही सोडलं. इराकवर चुकीच्या माहितीवर हल्ला करणारे अमेरिकेचे अध्यक्ष बुश 2004 मध्ये आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर 2005 मध्ये परत निवडून आले. इराक युद्धाबद्दल ब्रिटनची चिलकॉट चौकशी सुरू झाली 2009 ला आणि रिपोर्ट आला 2016 ला! मग उद्या कुठल्याही नेत्यासमोर अर्धवट माहितीची फाईल आली तर तो काय करेल? ठोकेल. थांबून चुकला तर घरी बसावं लागतं, ठोकून चुकला तर लोक टाळ्या वाजवतात.

काबूलमध्ये 29 ऑगस्ट 2021 ला हेच छोट्या प्रमाणात झालं. विमानतळावरच्या स्फोटाला तीनच दिवस झालेले, अमेरिकेने एका पांढऱ्या गाडीचा कित्येक तास ड्रोनने पाठलाग केला आणि बॉम्ब समजून उडवली. दहा जण मेले, त्यात सात मुलं. गाडीत पाण्याचे कॅन होते. आधी कारवाई योग्यच होती म्हणाले, मग चूक कबूल केली, आणि शिक्षा कुणालाच नाही.

आपल्याकडे बालाकोटच्या वेळी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनीही हेच कारण सांगितलं होतं, जैश आणखी आत्मघाती हल्ले करणार अशी विश्वासार्ह माहिती आहे म्हणून. पुलवामाला बारा दिवस झालेले. मी तेव्हा सपोर्ट केला होता, आजही करतो. पण अशी माहिती नंतर संसदेच्या कमिटीने, बंद दाराआड का होईना, कागद समोर ठेवून तपासायलाच हवी असा नियम सगळ्याच लोकशाही देशांत असावा एवढंच माझं म्हणणं आहे. आणि एवढं बोललं तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला पाकिस्तानचं तिकीट काढून द्यायला तयार असतात.