ताप अंगात असताना हळदीकुंकू कसं करावं

ताप आलाय, घसा धरलाय, खोकून बरगड्या दुखतायत? अजिबात घाबरू नका. घरी कसं राहायचं ते सांगते. म्हणजे मुळात राहायचंच नाही.

आधी खाली मेडिकलवाल्याकडून अ‍ॅझिथ्रोच्या ३ गोळ्या आणा. डॉक्टर काय वेगळं देणारे? व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही म्हणतात, पण आपल्याला चालतं ना. दोन खाऊन बरं वाटलं की तिसरी डब्यात ठेवा, धाकट्याला उपयोगी पडेल.

खिडक्या बंद. वारं लागतं.

मास्क असेल २०२१ पासून फ्रिजवरच्या टोपलीत, तो झटकून हनुवटीला लावा.

पोराला सकाळी पॅरासिटामॉल पाजून स्कूलबसमध्ये बसवा. दुपारी ताप परत चढेल तेव्हा मिस फोन करेलच.

आणि हळदीकुंकू तर रद्द करायचंच नाही! वर्षाचा सण, वाण आणून झालंय, ग्रुपवर मेसेज गेलाय. वन बीएचकेच्या हॉलमध्ये वीस बायका बसवा, एसी लावा, म्हणजे तीच हवा सगळ्यांना सारखी मिळेल. मग एकेकीच्या तोंडासमोर वाकून कुंकू लावा, ज्या हातावर आत्ता खोकलात त्याच हाताने तिळगूळ द्या. कोणी विचारलंच तर "अगं एसीचा खोकला गं" म्हणा आणि हसा, हसताना अजून थोडं खोका. मी हे मनाने लिहीत नाहीये, आमच्या विंगमध्ये संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी हेच झालं, आणि माझ्या सासूबाई, वय ७१, दमा आहे, पहिल्याच खुर्चीवर बसल्या होत्या कारण मोठ्या म्हणून मान. रविवारी ताप. आम्ही आपले हळद-दूध, वाफ, थंडी बदलली असेल, कासारवडवलीची धूळ असेल. बुधवारी बोलताना धाप लागायला लागली, ऑक्सिमीटरवर ८९. घोडबंदर रोडने त्यांना कसं नेलं ते विचारूच नका.

इन्फ्लुएन्झा ए निघाला. डॉक्टर म्हणाले याचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, आधी का नाही आणलंत? काय सांगणार, शेजारी म्हणाल्या एसीचा खोकला?

आणि नंतर कळलं काय, तर या शेजारीणबाईंचा स्वतःचा रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळीच आला होता. पॉझिटिव्ह.

म्हणजे माहीत होतं तुम्हाला. सण करायचा होता तर पुढच्या आठवड्यात केला असता, रथसप्तमीपर्यंत चालतं की हो! बरं, नाही रद्द केलंत, निदान शनिवारी ग्रुपवर एक ओळ टाकायची होती, मला फ्लू झालाय, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी लक्ष ठेवा. टाकी धुणार म्हणून चार मेसेज करता तुम्ही. आम्ही रविवारीच डॉक्टरकडे पळालो असतो. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलात? काहीच म्हटलं नसतं कोणी, डबा पाठवला असता मी तुम्हाला पाच दिवस.

सासूबाई सहा दिवस ऑक्सिजनवर होत्या. आता घरी आल्यात, पण बाथरूमपर्यंत जायचं तर मधे खुर्ची ठेवावी लागते.

तुमच्या वाणाची चहाची गाळणी वॉचमनकडे ठेवलीय. घेऊन जा.